न विकलेला किनारा

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याच्या वायव्य भागात, समुद्रसपाटीपासून सुमारे 2,900 मीटर उंचीवर, ट्रॅपर्स लेक नावाचे एक सरोवर आहे. विस्तार सुमारे 300 एकरांचा. भोवती माथा कापून सपाट केल्यासारखे दिसणारे उंच कडे, त्यांच्या पायथ्याशी स्प्रूस जातीचे सूचिपर्णी वृक्ष आणि मध्ये थंडगार, स्वच्छ पाणी. व्हाइट रिव्हर या नदीची उत्तर शाखा याच सरोवरातून बाहेर पडते. अशा ठिकाणची जमीन बाजारात आली असती तर तिला काय दर आला असता, याचा अंदाज व्यापारी घरातील कोणालाही सहज बांधता येईल. तरीही या किनाऱ्यावर खासगी बंगल्यांची रांग नाही आणि थेट पाण्यापर्यंत जाणारा मोटारीचा रस्ताही नाही. सरोवरापासून थोड्या अंतरावर, झाडांच्या आडोशाला, तंबू ठोकण्यासाठी लहान लहान जागा आखून ठेवलेल्या आहेत. ठरलेले भाडे भरून कोणीही तेथे काही रात्री राहावे आणि जागा होती तशी सोडून निघावे, एवढाच माणसाचा त्या किनाऱ्याशी व्यवहार.

हा व्यवहार दिसतो तितका साधा नाही. त्याच्या मुळाशी शंभर वर्षांपूर्वी एका तरुण अधिकाऱ्याने दिलेला नकार आहे. आणि आज तो टिकून आहे तो तेथे उतरणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या सचोटीवर.

राष्ट्रीय वन म्हणजे काय?

अमेरिकेत राष्ट्रीय उद्यान आणि राष्ट्रीय वन या दोन वेगळ्या संस्था आहेत. यलोस्टोनसारखी उद्याने गृहखात्याकडे, म्हणजे तेथील अंतर्गत विभागाकडे आहेत; राष्ट्रीय वने मात्र कृषी खात्याच्या अखत्यारीतील फॉरेस्ट सर्व्हिस सांभाळते. खात्यांच्या या वाटणीतच दोहोंच्या हेतूंमधील भेद दडलेला आहे. उद्यान हे मुख्यतः जतन करण्यासाठी आणि पाहण्यासाठी असते. वन ही मात्र चालती मिळकत आहे. तेथे लाकूडतोडीचे ठेके दिले जातात, गुरांना चराई मिळते, खनिजे निघतात, खालच्या गावांना पाणी मिळते आणि त्याच जंगलात लोक सहलीलाही येतात. 1960 साली झालेल्या एका कायद्याने हे सर्व उपयोग एकत्र नांदावेत आणि उत्पन्न घेताना मूळ साठा कमी होऊ नये, असे बंधन घातले. मुद्दलाला हात न लावता व्याजावर घर चालवावे, हा आपल्याकडील जुन्या पेढ्यांचा दंडक होता. त्याच विचाराचे हे कायदेशीर रूप म्हणता येईल.

अशी 154 राष्ट्रीय वने असून त्यांचे एकूण क्षेत्र सुमारे 19 कोटी एकर आहे. ट्रॅपर्स लेक ज्या व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनात येते, त्याची स्थापना 1891 साली राखीव वन म्हणून झाली. त्याच वर्षी झालेल्या कायद्यान्वये निर्माण झालेले ते देशातील दुसरे राखीव वन. पुढे 1905 साली ही राखीव वने कृषी खात्याकडे आली, फॉरेस्ट सर्व्हिस स्थापन झाली आणि गिफर्ड पिंचो हे तिचे पहिले प्रमुख झाले.

1919 चा अहवाल

विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोटारगाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आणि शहरातील माणसे जंगलाकडे वळू लागली. फॉरेस्ट सर्व्हिसपुढे प्रश्न उभा राहिला, की या लोकांची सोय कशी करावी? 1915 सालच्या कायद्याने एक उत्तर दिले होते. राष्ट्रीय वनातील पाच एकरांपर्यंतचा तुकडा 30 वर्षांपर्यंतच्या मुदतीने उन्हाळी घरासाठी किंवा हॉटेलसाठी देता येऊ लागला. सरकारला भाडे आणि भाडेकरूला निसर्गरम्य घर, असा दोन्हीकडून फायद्याचा सौदा होता. सरोवरांचे किनारे अर्थातच सर्वांत अधिक मागणीचे.

1919 साली फॉरेस्ट सर्व्हिसने डेन्व्हर येथील कार्यालयात आर्थर कारहार्ट या भूदृश्यरचनाकाराची नेमणूक केली. वय 26-27 वर्षांचे. झाडे मोजणाऱ्या जुन्या वनाधिकाऱ्यांना हे पद काहीसे गमतीचे वाटे आणि ते त्याला ‘ब्यूटी इंजिनिअर’ म्हणत. त्याच उन्हाळ्यात त्याला ट्रॅपर्स लेकवर पाठवण्यात आले. काम स्पष्ट होते: सरोवराभोवती फिरणाऱ्या रस्त्याची आखणी करावयाची आणि उन्हाळी घरांसाठी शेकडो भूखंडांची मोजणी करावयाची.

कारहार्टने मोजणी केली. मुक्कामात त्याची तेथे उतरलेल्या दोन धनिक शिकाऱ्यांशी गाठ पडली. या जागेवर रस्ता आणि घरे आणणे म्हणजे तिचा नाश करणे, असे त्यांचे म्हणणे होते. कारहार्टही त्याच निष्कर्षाला आला. डेन्व्हरला परतल्यावर त्याने वरिष्ठांना कळवले, की भूखंड पाडता येतील, परंतु पाडू नयेत. रस्ता सरोवराच्या अलीकडेच थांबवावा आणि किनारा सर्वांसाठी मोकळा ठेवावा. दिलेले काम पूर्ण करून ते अमलात आणू नये अशी शिफारस करणे, तीही नोकरीच्या पहिल्याच वर्षी, हे धाडसाचेच होते. त्याचे वरिष्ठ कार्ल स्टॉल यांनी ती शिफारस उचलून धरली, हेही तितकेच महत्त्वाचे. भूखंडांची योजना बाजूला ठेवण्यात आली.

त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये आल्डो लिओपोल्ड हे दुसरे वनाधिकारी कारहार्टला डेन्व्हरमध्ये भेटले. त्या भेटीनंतर कारहार्टने लिओपोल्ड यांच्यासाठी एक टिपण लिहिले. सरोवरे मोजकीच आहेत, त्यांचे किनारे मोजकेच आहेत, डोंगराळ प्रदेशालाही मर्यादा आहे. माणसांची मागणी मात्र वाढतच जाणार आहे. आणि एकदा बांधकाम झाले की मूळ स्थिती परत आणता येत नाही, असा त्याचा आशय होता. बाजाराची जाण असलेल्या माणसालाच सुचावा असा हा युक्तिवाद आहे. ज्या मालाचा पुरवठा वाढूच शकत नाही, तो पहिल्या गिऱ्हाइकाला देऊन मोकळे होणे यात शहाणपण नसते.

या विचाराचे पुढे मोठे फळ आले. 1924 साली लिओपोल्ड यांच्या प्रयत्नाने न्यू मेक्सिकोतील हिला हा पहिला रस्ताविरहित राखीव प्रदेश जाहीर झाला. 3 सप्टेंबर 1964 रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाइल्डरनेस कायद्यावर स्वाक्षरी केली आणि पहिल्याच दिवशी 91 लाख एकर भूमीला त्याचे संरक्षण लाभले. ट्रॅपर्स लेकचा परिसर 1975 साली ‘फ्लॅट टॉप्स वाइल्डरनेस’ या नावाने या कायद्याखाली आला. त्या हद्दीत इंजिनाची नाव चालत नाही, सायकलदेखील नेता येत नाही. तंबूंच्या जागा हद्दीच्या बाहेर, अलीकडे आहेत. तेथून पुढे पायी जायचे.

मुळांसाठी वळवलेले रस्ते

अमेरिकेच्या राष्ट्रीय वनात तंबूच्या जागा कशा असतात, हे एकदा पाहिलेल्या माणसाला सर्वत्र तोच नकाशा ओळखीचा वाटतो. एका दिशेने जाणारा वर्तुळाकार अरुंद रस्ता; त्याला फुटलेले छोटे फाटे; प्रत्येक फाट्यावर एकच मोटार उभी राहील एवढी जागा; तिच्यापलीकडे एक लाकडी मेज-बाक, लोखंडी कड्याची चूल आणि तंबूपुरती सपाट जमीन. कडेला मोठे दगड किंवा ओंडके. ही रचना केवळ सोयीची म्हणून आलेली नाही. तिचा उगम झाडांच्या आजारात आहे.

एमिलिओ माइनेके हे कॅलिफोर्नियातील वनस्पतिरोगतज्ज्ञ. मोटारी वाटेल तेथे शिरत, लोक झाडांच्या बुंध्याशी उतरत आणि काही वर्षांनी तीच झाडे वठू लागत. चाकांनी आणि पावलांनी माती दाबली जाते, मुळांना हवा-पाणी मिळेनासे होते आणि झाड हळूहळू मरते, हे माइनेके यांनी दाखवून दिले. ज्या सावलीसाठी माणूस तेथे येतो, तीच सावली तो पायांखाली संपवत होता. 1932 साली त्यांनी यावर उपाय मांडला. मोटारीला एका ठरलेल्या जागी बांधून टाका, मेज आणि चूल जमिनीत पक्की रोवा, म्हणजे माणसे आपोआप तेवढ्याच परिघात वावरतील आणि बाकीची जमीन श्वास घेईल. पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, मंदीच्या काळात बेकार तरुणांना काम देण्यासाठी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर स्थापन झाले. 1942 पर्यंत सुमारे 30 लाख तरुणांनी त्यात काम केले. देशभरच्या वनांतील अनेक कॅम्पग्राउंड या तरुणांच्या हातचे आहेत, आणि माइनेके यांचा नकाशा त्यांच्याबरोबर सगळीकडे पोहोचला.

रिकामा गल्ला

लहान कॅम्पग्राउंडची खरी ओळख त्याच्या प्रवेशाशी होते. तेथे खिडकी नसते, कारकून नसतो, फाटकही नसते. एक फलक असतो, त्यावर भाड्याचा दर आणि नियम लिहिलेले असतात. शेजारी पाकिटांचा गठ्ठा आणि जमिनीत रोवलेला एक जाड लोखंडी नळकांडा, वर पैसे टाकण्याची फट. तेथील लोक त्याला गमतीने ‘आयर्न रेंजर’, म्हणजे लोखंडी वनरक्षक म्हणतात. आलेल्या माणसाने आधी रिकामी जागा शोधायची, पाकिटावर जागेचा क्रमांक, मोटारीचा क्रमांक आणि रात्रींची संख्या लिहायची, तेवढी रक्कम आत घालायची आणि पाकीट फटीतून सोडायचे. पाकिटाला जोडलेली चिठ्ठी फाडून आपल्या जागेच्या खांबावर अडकवायची, की ती जागा त्याची झाली. अलीकडे अनेक ठिकाणी ऑनलाइन आरक्षण आणि मोबाइलवरून भरणा आला आहे. परंतु दूरच्या, लहान जागांवर ‘जो आधी येईल त्याची जागा’ हा नियम आणि लोखंडी नळकांडा अजून आढळतो. डोंगरात मोबाइलची रेंज नसते, म्हणून सुट्या नोटा बरोबर असाव्या लागतात. नळकांडा मोड परत देत नाही.

पावती लिहिणारा, रक्कम मोजणारा आणि भरणारा एकच माणूस, ही पद्धत हिशेबतपासनिसाच्या दृष्टीने सदोष म्हणावी लागेल. रोकड सांभाळणारा आणि नोंद करणारा वेगळा असावा, हा कोणत्याही पेढीचा पहिला नियम. येथे तो मोडलेला आहे, तरी पद्धत चालते. तपासणी मुळीच नसते असे नाही. वनरक्षक फेरी मारतो आणि खांबावरच्या चिठ्ठ्या पाहतो. काही ठिकाणी ‘होस्ट’ म्हणजे यजमान असतो. बहुधा निवृत्त जोडपे, जे हंगामभर तेथेच राहून साफसफाई पाहते, चौकशीला उत्तरे देते आणि त्या बदल्यात बिनभाड्याने राहते. परंतु एवढ्या विस्तीर्ण जंगलात प्रत्येक जागेवर माणूस बसवायचा म्हटले, तर जमा झालेले भाडे पगारातच संपेल. प्रत्येक लहान जागा उघडी राहते ती पाहुण्यांनी आपला हिशेब आपणच चोख ठेवल्यामुळे. जेथे ते होत नाही, तेथे जागा बंद होते किंवा मोठ्या ठेकेदाराकडे जाते आणि भाडे वाढते. न भरलेल्या वीस डॉलरांची किंमत शेवटी पुढच्या पाहुण्याच्या खिशातून जाते.

ज्येष्ठांसाठी एक सवलत आहे. 62 वर्षे पूर्ण केलेल्या अमेरिकी नागरिकांना आणि कायम वास्तव्याचा परवाना असलेल्यांना 80 डॉलरमध्ये आजीव पास मिळतो, आणि त्यावर फॉरेस्ट सर्व्हिसच्या अनेक जागांचे भाडे निम्मे होते. मुलांकडे स्थायिक झालेल्या आईवडिलांनी हे लक्षात ठेवावे. केवळ भेटीसाठी गेलेल्यांना मात्र ही सवलत लागू नाही.

मुक्कामाची रीत

एवढ्या उंचीवरचा हंगाम आखूड असतो. बर्फ जूनपर्यंत रेंगाळते आणि सप्टेंबरात पुन्हा चाहूल लागते. जुलैतही रात्री पारा गोठणबिंदूजवळ जाऊ शकतो. म्हणून लोकरीचे कपडे आणि चांगली झोपण्याची पिशवी ही चैनीची वस्तू ठरत नाही. विरळ हवेमुळे पहिल्या दिवशी दम लागतो, डोके दुखते. वडीलधाऱ्यांनी पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा आणि पाणी भरपूर प्यावे. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजांचा पाऊस येतो, तेव्हा कड्यांवरचे फिरणे सकाळीच आटोपावे. वीज, उपाहारगृह, न्हाणीघर यांची अपेक्षा ठेवू नये. शौचालय साधे, खड्ड्याचे, दिवा आपापला.

शाकाहारी कुटुंबांना सर्व शिधा बरोबर न्यावा लागतो, आणि त्यात प्रेशर कुकर विसरून चालत नाही. या उंचीवर पाणी सुमारे 90 अंश सेल्सिअसलाच उकळते. उघड्या पातेल्यात डाळ तासन्‌तास ठेवावी लागते. नव्या माणसाला वाटते की विस्तव कमी पडला. वस्तुतः कमी पडलेला असतो तो हवेचा दाब. दिवस मावळण्यापूर्वी जेवण्याची रीत असलेल्या घरांची मात्र येथे सोय होते. जुलैत सूर्य रात्री साडेआठच्या सुमारास मावळतो.

जेवण लवकर आटोपण्याला दुसरेही कारण आहे. कोलोरॅडोच्या जंगलांत काळी अस्वले आहेत आणि त्यांचे नाक अतिशय तीक्ष्ण असते. खाण्याचा एकही पदार्थ तंबूत ठेवायचा नाही. साबण आणि दंतमंजनसुद्धा नाही. सर्व काही मोटारीत कुलपात किंवा तेथे लोखंडी पेटी असल्यास तिच्यात बंद करायचे. हा नियम माणसाच्या रक्षणासाठी आहे, तसाच अस्वलाच्याही. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा वस्तीवर येते, आणि अखेर त्याला मारण्याची पाळी वनाधिकाऱ्यांवर येते. मेजावर विसरलेला लाडवाचा डबा एका जनावराच्या जिवावर बेतू शकतो.

भांडी सरोवरात धुवायची नाहीत. पाण्यापासून निदान 60 मीटर दूर, थोड्या पाण्यात धुऊन ते पाणी मातीवर पसरायचे. जळण घरून आणायचे नाही, जवळच विकत घ्यायचे. कारण लाकडाच्या सालीखाली लपून कीड एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाते आणि तेथील जंगल पोखरते. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. सामान्यतः 14 दिवसांहून अधिक एका जागी राहता येत नाही, म्हणजे कोणालाही ती जागा आपली म्हणता येत नाही.

जळालेले मुद्दल

ट्रॅपर्स लेकवर गेलेल्या माणसाला आजही करड्या, वठलेल्या खोडांचे सुळके दिसतात. त्यांचा इतिहास मोठा आहे. 1939 साली एका वादळाने या पठारावरील असंख्य स्प्रूस वृक्ष उन्मळून पाडले. पडलेल्या खोडांत साल पोखरणारे भुंगे माजले आणि 1940 च्या दशकात त्यांनी उभी झाडेही मारली. ती वाळलेली खोडे दशकानुदशके तशीच उभी होती. 2002 च्या दुष्काळी उन्हाळ्यात वीज पडून आग लागली आणि सुमारे 17,000 एकर जंगल जळाले. जवळची जुनी लाकडी लॉजही त्यात गेली.

येथे 1919 च्या निर्णयाचे आणखी एक मोल लक्षात येते. ठरल्याप्रमाणे किनाऱ्यावर शेकडो लाकडी घरे उभी राहिली असती, तर ती त्या आगीच्या तोंडी आली असती. सावकाश का होईना, जंगल आता स्वतः उभे राहत आहे. जळालेल्या उतारांवर गवत आणि रानफुले आली, त्यांच्यामागून कोवळी झाडे येत आहेत. वन पुन्हा उगवते. वाटून दिलेला किनारा मात्र परत एकत्र करता येत नाही.

म्हणूनच कोरड्या दिवसांत उघड्या शेकोटीवर बंदी येते आणि ती कोणी हलक्यात घेत नाही. बंदी नसताना पेटवलेली शेकोटीही निघण्यापूर्वी पाणी ओतून, राख ढवळून, पुन्हा पाणी ओतून, हाताला थंड लागेपर्यंत विझवायची असते. त्यानंतर तंबूच्या खुंट्या मोजायच्या, मेजाखाली पडलेले शेंगांचे टरफलसुद्धा उचलायचे, कचऱ्याची पिशवी मोटारीत ठेवायची आणि खांबावरची चिठ्ठी काढून घ्यायची. रिकामा खांब पाहून वर्तुळाकार रस्त्यावरून हळूहळू येणारी पुढची मोटार तेथे थांबते. उतरणाऱ्या कुटुंबाला जागा तशीच मिळते, जशी आधीच्यांना मिळाली होती.